राजा दीनदयाळ यांची मध्य हिंदुस्थानची छायाचित्रे

मराठीत प्रवासवर्णनांचे परीक्षण करण्याची जी रीत पडून गेली आहे, तीत छायाचित्रांच्या वाट्याला बहुधा शेवटचे एक वाक्य येते. लेखकाची भाषा, त्याची बहुश्रुतता, विनोद, निसर्गवर्णने यांचा परामर्श घेऊन झाला, पृष्ठसंख्या व किंमत सांगून झाली, की परीक्षक लिहितो : छायाचित्रांमुळे पुस्तकाची शोभा वाढली आहे. शोभा वाढली म्हणजे नेमके काय झाले, हे तो सांगत नाही आणि वाचकही विचारीत नाही. शिलालेख हाती आला तर तो कोणी कोरविला, केव्हा व कोणत्या प्रसंगी, असे आपण तत्काळ विचारतो. छायाचित्र मात्र यंत्राने आपोआप उमटविलेले असते, सबब त्याला कर्ता नसतो, अशी आपली समजूत दिसते. ही समजूत कितपत टिकते हे पाहावयाचे असेल तर राजा दीनदयाळ यांच्या चित्रांइतके चांगले साधन नाही. शिवाय इंदूर, ग्वाल्हेर व हैदराबाद या नगरांत मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे, आणि या छायाचित्रकाराचे कर्तृत्वही बव्हंशी याच नगरांच्या परिसरात बहरले. तेव्हा त्याची ओळख करून घेणे हे आपले घरचेच काम होय.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना या गावी एका जैन जवाहिऱ्याच्या घराण्यात झाला. रुडकीच्या टॉमसन स्थापत्य विद्यालयात शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदुरास आले आणि तेथील बांधकाम खात्यात अंदाजपत्रके व नकाशे तयार करण्याच्या कामावर रुजू झाले. छायाचित्रणाचा नाद लागला तो पुढे, १८७४ च्या सुमारास. दुसरे तुकोजीराव होळकर व गव्हर्नर-जनरलचे मध्य हिंदुस्थानातील एजंट सर हेन्री डेली यांचे पाठबळ त्यांस लाभले. डेलींच्या जागी पुढे सर लेपेल ग्रिफिन आले. त्यांच्याबरोबर १८८२ साली दीनदयाळांनी जो दौरा केला, त्यात काढलेल्या चित्रांचा ग्रंथ ग्रिफिन यांच्या मजकुरासह १८८६ साली प्रसिद्ध झाला. 'फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे त्याचे नाव. त्याच वर्षी सिकंदराबादेस त्यांनी चित्रशाळा काढली, १८९६ साली मुंबईस काढली, आणि सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून १८९४ साली त्यांस 'मुसव्विर जंग' हा किताब मिळाला. 'मुसव्विर' म्हणजे चित्रकार. चित्रकलेतल्या या योद्ध्याने शस्त्र कधी धरल्याचे ऐकिवात नाही, परंतु दरबारी किताबांचा थाटच तसा असतो. १९०५ साली ते वारले.

या चरित्रातील एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष जात नाही, असे मला वाटते. दीनदयाळ हे चित्रकार होऊन छायाचित्रणाकडे आलेले नव्हते. ते आले नकाशाच्या फळीकडून. भिंतीची जाडी, कमानीचे अंतर, पायऱ्यांची उंची कागदावर मांडण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. आणि त्यांच्या वास्तुचित्रांकडे पाहता पहिला प्रत्यय येतो तो ओळंब्याचा. त्यांच्या चित्रातील भिंत सरळ उभी असते. हे वाटते तितके सामान्य नाही. उंच इमारतीपुढे उभे राहून तिचे शिखर चौकटीत घ्यावयाचे म्हणून कॅमेरा वर उचलला, की भिंती मागे कलंडतात आणि देऊळ पाठीवर पडू लागल्यासारखे दिसते. खिशातील मोबाइल फोनने काढलेल्या आजच्या प्रवासचित्रांत हा दोष इतका रूढ झाला आहे की तो दोष आहे हेही कोणास जाणवत नाही. तिपाईवरच्या त्या जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात मागची काच ओळंब्यात ठेवून पुढची भिंगाची फळी तेवढी वर सरकविता येत असे, आणि शिखर भिंतीला न कलंडविता चौकटीत येई. ही सोय सर्वांनाच उपलब्ध होती, हे खरे. परंतु सोय असणे आणि दर वेळी काळ्या कापडात डोके खुपसून, धूसर काचेवर उलट्या पडलेल्या प्रतिमेत प्रत्येक खांबाची कड तपासणे, यांत अंतर आहे. ते अंतर नक्षानवीसाच्या डोळ्याने भरून काढले.

ओळंब्याच्या पाठोपाठ येतो तो उभे राहण्याच्या जागेचा प्रश्न. प्रवासी छायाचित्रकाराची सारी प्रतिभा, मला वाटते, येथेच पणाला लागते. कारण विषय त्याने निर्माण केलेला नसतो, प्रकाश त्याच्या स्वाधीन नसतो, आणि मुक्काम उद्या हलणार असतो. त्याच्या हाती असते ते फक्त पुढे, मागे, वर, खाली होणे. मानमंदिराची पूर्वेकडील बाजू ग्वाल्हेरच्या कड्याच्या अगदी काठावर उभी आहे. तिच्यासमोर उभे राहण्यास सपाट भूमी अशी नाहीच. चढणीच्या वाटेचा आश्रय घ्यावा लागतो, आणि तेथून गोल बुरूज एकामागे एक दाटून दिसू लागतात. असे असता ती बाजू गडाची भिंत म्हणून दाखवावयाची की राजवाड्याचे मुख म्हणून, हा निवड करण्याचा विषय आहे, आणि निवड आली की कर्ता आला. दीनदयाळांच्या बऱ्याच वास्तुचित्रांत पायथ्याशी किंवा एखाद्या कोनाड्यापाशी एक लहानशी मनुष्याकृती स्तब्ध बसविलेली आढळते. हा माणूस तेथे मोजपट्टी म्हणून आहे. त्याच्या उंचीवरून पाहणाऱ्याने दरवाजाची उंची ताडावी. पुरातत्त्वाच्या चित्रांत ही रूढीच होती. तथापि मोजपट्टी म्हणून बसविलेला मनुष्यही मनुष्यच असतो, आणि पुष्कळ वेळा आपली दृष्टी दरवाजावरून परत त्याच्याकडेच जाते, याला छायाचित्रकाराचा इलाज नव्हता. असलाच तर त्याने तो केला नाही, हे बरे झाले.

आता या चित्रांत जे नाही त्याविषयी. पहिले म्हणजे आकाश नाही. त्या काळच्या काचांवरील लेपाला निळा प्रकाश फार लवकर लागे, आणि तांबडा व पिवळा जवळजवळ लागतच नसे. परिणामी निळे आकाश सपाट पांढरे उमटे आणि ढग असले तरी त्यात विरून जात. मध्य हिंदुस्थानचे आकाश या सबंध ग्रंथात कोरे आहे. देखावा म्हणून या चित्रांची किंमत त्यामुळे निःसंशय घटते. माळवा ज्याने आषाढात पाहिला आहे त्याला हा कोरेपणा खटकल्यावाचून राहणार नाही. वास्तूला मात्र तो मानवतो, कारण घुमटाची बाह्यरेषा त्यावर सुईने कोरल्यासारखी उठते. दुसरी उणीव याहून मोठी आहे. मानसिंह तोमराने बांधलेल्या मानमंदिराचे वैभव त्याच्या रंगीत फरशांत आहे : निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरशांत हत्ती, हंस, मगरी आणि केळीची झाडे बसविलेली आहेत. छायाचित्राच्या काचेवर यातला निळा फिका पडतो, पिवळा काळवंडतो, म्हणजे जे उजळ ते मलूल आणि जे मलूल ते उजळ, असा उलटा न्याय होतो. १५२८ साली बाबर ग्वाल्हेरास गेला होता. त्याने आपल्या आठवणींत हिरव्या फरशांतील त्या केळींची नोंद करून ठेविली आहे. साडेतीनशे वर्षांनी अद्ययावत यंत्र घेऊन आलेल्या माणसास जे साधले नाही ते एका बादशहाच्या दोन ओळींत राहिले. चित्र आले म्हणून वर्णनाचे काम संपले, असे म्हणणाऱ्यांनी ही जोडी समोर ठेवावी.

तिसरी अनुपस्थिती यंत्राच्या मर्यादेतून आलेली नाही, आणि ती मराठी वाचकाला विशेष जाणवावी अशी आहे. दीनदयाळ १८८२ साली ग्वाल्हेरचा गड टिपीत होते, त्या वेळी तो गड शिंद्यांच्या ताब्यात नव्हता. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरची लढाई झाली, झाशीची राणी तेथे पडली, आणि त्यानंतर गडावर जी इंग्रजी फौज बसली ती १८८६ पर्यंत हलली नाही. ज्या वर्षी गड जयाजीरावांना परत मिळाला त्याच वर्षी हा ग्रंथ बाहेर पडला. म्हणजे ही चित्रे व्यापलेल्या किल्ल्याची चित्रे आहेत, आणि ज्यांनी तो व्यापला त्यांच्याच एका मोठ्या अधिकाऱ्याच्या दौऱ्यात काढलेली आहेत. फौजेच्या बराकी त्याच पठारावर होत्या; पुढे त्यांतच सिंदिया शाळा भरू लागली. 'प्रसिद्ध स्मारके' या नावाखाली मांडलेल्या ग्रंथाचा विषय मात्र मानमंदिर, तेली का मंदिर, सासबहूची देवळे हा आहे. जणू मानसिंहानंतर या टेकडीवर काही घडलेच नाही. वास्तूला 'स्मारक' म्हणण्याची ही खुबी आहे : स्मारक म्हटले की ते मृतांचे होते, आणि मृतांच्या मालमत्तेवर हक्क सांगणारा कोणी उरत नाही.

नेमकी हीच वर्षे मराठी वाङ्मयाच्या दृष्टीनेही ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी आपला 'माझा प्रवास' लिहून काढला तो १८८३ साली. चिंतामणराव वैद्यांनी तो प्रसिद्ध केला १९०७ साली. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, या आशेने १८५७ साली घरून निघालेला हा भिक्षुक बंडाच्या वणव्यात सापडला आणि झाशीच्या वेढ्यात शहराच्या आत होता. एकाने पंचवीस वर्षांपूर्वीचे आठवून लिहावे आणि दुसऱ्याने जवळजवळ त्याच वेळी त्याच मुलखात भिंग रोखावे, आणि दोघांचा परस्परांशी काडीचाही संबंध नसावा, हा योगायोग आहे खरा. परंतु दोन्ही शेजारी ठेवून वाचले असता एकाची उणीव दुसरा भरतो. गोडसेभटजींना माणसे दिसतात : पळणारी, लपणारी, तहानलेली, दागिने पुरून ठेवणारी. वाडा त्यांना दिसतो तो त्यात कोण राहतो, काय शिजते, दक्षिणा किती मिळते यासाठी. कमान कोणत्या शैलीची आहे याची पंचाईत ते करीत नाहीत. दीनदयाळांकडे कमान आहे, तिचा एकएक दगड आहे, आणि माणूस मोजपट्टीपुरता. आमच्या शाळा-महाविद्यालयांत 'माझा प्रवास' शिकविताना ही चित्रे वर्गात दाखविली जावीत असे मला वाटते. पुस्तकातील वर्णनाचे 'प्रत्यक्ष दर्शन' म्हणून नव्हे, तर त्याच भूमीची दुसरी, मुकी साक्ष म्हणून.

साक्षीचा विषय निघाला आहे म्हणून सांचीचे उदाहरण घेणे अवश्य आहे. सांचीचा थोरला स्तूप १८२२ साली धनाच्या किंवा अवशेषांच्या शोधात एका बाजूने फोडण्यात आला होता. ते भगदाड बुजविण्याचे आणि पडलेली दक्षिण व पश्चिम तोरणे पुन्हा उभी करण्याचे काम मेजर कोल यांनी १८८१ ते १८८३ च्या दरम्यान केले, म्हणजे दीनदयाळांच्या दौऱ्याच्याच सुमारास. या जीर्णोद्धारात दक्षिण तोरणाच्या आडव्या तुळयांपैकी काही उलट्या तोंडाने बसविल्या गेल्या. पुढे सर जॉन मार्शल यांनी ते दाखवून दिले. मौज अशी की त्या तोरणाचे निर्दोष, स्वच्छ, ओळंब्यातील छायाचित्र कोणी काढले तर ते ही चूकही तितक्याच निर्दोषपणे टिपणार. भिंग खोटे बोलत नाही, पण ज्याने दगड मांडले त्याच्या मांडणीपलीकडचे ते काही सांगू शकत नाही.

याहून भयंकर उदाहरण लखनौचे आहे. फेलिचे बेआतो या इटालियन छायाचित्रकाराने १८५८ साली सिकंदरबागेच्या अंगणाचे चित्र घेतले, त्यात मोडक्या इमारतीपुढे मृतांची हाडे विखुरलेली दिसतात. तेथील कत्तल झाली होती १८५७ च्या नोव्हेंबरात. बेआतो पोहोचले त्यानंतर काही महिन्यांनी. तेव्हा ती हाडे चित्रासाठी पुन्हा उघडी करून मांडली गेली असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. एका नबाबाच्या विलासाची ती बाग. तिचे सर्वांत प्रसिद्ध चित्र हे असे. दीनदयाळांनी मांडणीचा असा अतिरेक केला नाही. त्यांनी काय वगळले याचा हिशेब वर मांडला आहेच. पण वगळणे आणि रचणे यांत न्यायाने फरक केला पाहिजे.

अलीकडे या सर्व चित्रांस साम्राज्याची नोंदवही म्हणून निकालात काढण्याकडे काही विद्वानांचा कल आहे. ग्वाल्हेरच्या प्रकरणी मी स्वतःच त्याला पुष्टी दिली आहे, तेव्हा तो विचार सर्वस्वी टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु या विचाराची अडचण अशी की तो चांगल्या चित्रात आणि सुमार चित्रात भेद करू शकत नाही. साम्राज्यासाठी काढलेली दोन्ही चित्रे त्याच्या लेखी सारखीच. समीक्षेला तेवढ्यावर थांबता येत नाही. दीनदयाळांच्याच कार्यात हा भेद ढळढळीत दिसतो, आणि तो पाहण्यासाठी मध्य हिंदुस्थानातून हैदराबादेस आले पाहिजे.

हैदराबादेत त्यांना वैभव मिळाले, मान मिळाला, चित्रशाळेत माणसे हाताखाली आली. १९०८ च्या मुसीच्या महापुराने शहराचा चेहरामोहरा बदलून टाकण्यापूर्वीचे हैदराबाद आज आपल्याला दिसते ते बहुतांशी त्यांच्या कृपेने, आणि त्याबद्दलची कृतज्ञता लहान नाही. बशीरबाग वाड्याचे उदाहरण पुरे आहे. वाडा आज उभा नाही, नाव तेवढे वस्तीला चिकटून राहिले आहे. दीनदयाळांच्या चित्रांत मात्र त्याची दालने झुंबरांसह शाबूत आहेत. एवढे मान्य करूनही म्हणावे लागते की या काळात नक्षानवीस मागे पडला आणि दरबारी पुढे आला. वाडे व बागा येथे मोजल्या जात नाहीत, मिरविल्या जातात. बागेचे चित्र तर या पद्धतीने विशेषच फसते. रंग आधीच गेलेला, सुगंधाचा प्रश्नच नाही, पाने वाऱ्याने हलली तर उद्घाटनाच्या त्या एकदोन क्षणांत पुसट झालेली. मग उरते काय, तर आखीव वाटा, कारंजे, आणि मालकाची ऐपत. देवळाचा दगड स्थिर असतो म्हणून जे यंत्र त्याच्याशी इमान राखते, तेच यंत्र वाढत्या, हलत्या वस्तूपुढे दुबळे ठरते, आणि त्या दुबळेपणावर थाटाचे पांघरूण घालावे लागते.

वन्य जीवांच्या बाबतीत हे पांघरूण रक्ताचे आहे. लॉर्ड कर्झन हैदराबाद संस्थानात आले असता त्यांचे व लेडी कर्झनचे मारलेल्या वाघासह काढलेले चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. पायाशी वाघ, मागे उभे असलेले जोडपे, आणि सर्वत्र समाधान. मंद काचांच्या त्या युगात जंगलातील जिवंत, चालता वाघ टिपणे जवळजवळ अशक्य होते. कॅमेऱ्यापुढे वाघ स्थिर राहावा तर तो मेलेलाच हवा. पण ही सबब या चित्राला अर्धीच लागू पडते. रचना पाहावी : ओळंब्याची ती जुनी शिस्त येथेही आहे, प्रकाश उत्तम आहे, मुद्रा स्वच्छ आहेत, आणि तरी पाहण्याजोगे त्यात काही नाही, कारण येथे छायाचित्रकाराने कोठे उभे राहावे हे व्हाइसरॉय कोठे उभा आहे यावरून ठरले. मानमंदिराने त्याला अशी आज्ञा केली नव्हती.

या चित्राशेजारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांची वाघांची चित्रे ठेवून पाहावीत. हे संयुक्त प्रांतातील वन अधिकारी. त्यांचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. जनावराच्या वाटेवर तार ताणावयाची, ती पायाने ओढली गेली की प्रकाशाचा लोळ उठून चित्र उमटावे, अशी त्यांची योजना होती. म्हणजे चित्र निघते तेव्हा छायाचित्रकार जागेवर नसतोही. वाघ आपले चित्र आपणच काढतो. यंत्राला कर्ता नसतो म्हणणाऱ्यांना हा मोठाच आधार सापडला असे वाटेल. प्रत्यक्षात उलटे आहे. कोणत्या ओढ्याकाठी, कोणत्या वळणावर, मातीतील कोणत्या पावलांवरून अंदाज बांधून ती तार ताणावयाची, हे ज्याला कळते त्याचेच ते चित्र. आणि रात्रीच्या अंधारातून आपल्या वाटेने येणारा तो वाघ कोणाच्याही पायाशी पडलेला नाही. इंदुरातील नक्षानवीस आणि तराईतील हा वन अधिकारी यांचे गोत्र एक आहे. दोघांचीही विद्या जागा हेरण्याची, आणि हेरल्यावर आपण बाजूला होण्याची.

दीनदयाळांच्या २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या. २००६ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीटही निघाले. चित्रे आता दुर्मिळ राहिली नाहीत, आणि आपल्या मासिकांतून, स्मरणिकांतून, पाठ्यपुस्तकांतून ती वरचेवर छापली जाऊ लागली आहेत; छापली जातात ती मात्र 'ग्वाल्हेरचा किल्ला', 'जुने हैदराबाद' अशा एकदोन शब्दांनिशी, कित्येकदा कडा कापून, आणि त्या कापण्यात पायथ्याशी बसलेला तो माणूसच पहिल्याने जातो. संपादकांनी व शिक्षकांनी निदान एवढे करावे : कडा कापू नयेत, काढणाऱ्याचे नाव द्यावे, साल द्यावे, ज्या दौऱ्यात व ज्यांच्या चाकरीत चित्र निघाले तो दौरा व ती चाकरी सांगावी. मानमंदिराच्या चित्राखाली तर १८८२ या सालाबरोबर गडावर त्या दिवशी कोणाचे निशाण होते हेही छापावे.